चौदा कुणी म्हटलं

आठवड्याचे सहा दिवस मी फोटोंना फ्रेम करून देतो आणि सातव्या दिवशी हाफ पँट घालून शिट्टी फुंकतो. म्हणजे फुंकत होतो. चोवीस वर्षं. स्काउटच्या पथकाचा प्रमुख म्हणून कुणी मला कामाला लावलं नव्हतं, मीच हौसेनं गळ्यात स्कार्फ घालून घेतला होता. आमच्या घरी यावरून ठरलेली चेष्टा होती. "निघाले बालवीर," बायको म्हणायची आणि माझ्या गुडघ्यांकडे बघायची. "अहो, या वयात गुडघे झाकायचे असतात, दाखवायचे नसतात."

मी चिडायचो. मला चिडायला फार काही लागत नाही. पण शाळेच्या मागच्या खोलीतलं पत्र्याचं कपाट उघडलं, दोरखंडांचा आणि ओलसर तंबूंचा कुबट वास नाकात गेला, की माझा राग कुठल्या कुठे पळायचा. बाहेर मैदानावर पोरं एकमेकांच्या टोप्या उडवत असायची. आम्हाला मूल नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा कधी ना कधी विचारतोच, आणि मग मी त्याच्याशी नीट बोलत नाही.

पथकात आलेल्या प्रत्येक मुलाला एक नंबर मिळायचा. पथक सोडेपर्यंत तो त्याचा. रांगेत त्याच क्रमानं उभं राहायचं, मी शिट्टी दिली की एकापासून बावीसपर्यंत ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. मोजणी एवढीच. सगळीकडे हीच असते.

अकरा वर्षांपूर्वी नऊ नंबरच्या मुलाला रक्ताचा आजार झाला. तो दवाखान्यात गेला त्यानंतरच्या रविवारी मी शिट्टी दिली. एक, दोन, तीन करत गाडी आठवर आली आणि थांबली. दहा नंबरचं पोरगं बारकं होतं. त्यानं शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. मला काय करावं सुचेना. मी म्हटलं, "रडतोस कशाला? तो आला नाही तर त्याचा नंबर आपण बोलू. सगळे मिळून." आणि सगळ्यांनी जी 'नऊ' म्हणून आरोळी ठोकली, ती रस्त्यापर्यंत गेली. त्याची आई तेव्हा शाळेत कसला तरी अर्ज द्यायला आली होती. तिनं ऐकलं. दवाखान्यात जाऊन तिनं पोराला सांगितलं आणि म्हणे तो हसला. दोन महिन्यांनी ती माझ्या दुकानात त्याचा गणवेशातला फोटो घेऊन आली, फ्रेम करायला. त्या दिवशी माझ्या हातून पट्टीचा कोपरा दोनदा चुकीचा कापला गेला.

नऊ नंबर मग कुणाला दिलाच नाही. तो सगळ्यांचा झाला. आणि हळूहळू अशी पद्धतच पडली, की जे मूल आलं नसेल त्याचा नंबर शेजारच्यानं आपल्या नंबराला जोडून बोलायचा. सहा नंबरला ताप आला, की पाच नंबर एका दमात "पाच सहा" म्हणणार. बावीस कायम पुरे व्हायचे. खरी हजेरी माझ्या खिशातल्या कार्डावर असायची. कोण आलं नाही ते मी निघताना तिथं टिपून घ्यायचो आणि मनात वजाबाकी करायचो. वार्षिक मेळाव्यात आमची मोजणी ऐकून लोक डोळे पुसायचे. मी कॉलर ताठ करून उभा असायचो.

वरच्या कार्यालयातून एकदा एक तपासनीस आले. काडीसारखा माणूस. मोजणी ऐकून मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे छान आहे, पण ही मोजणी नव्हे. मोजायचं असेल तर डोकी मोजा."

"साहेब," मी मुलांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "डोकी तुम्ही मोजा. मी मुलं मोजतो."

पोरं खिदळली. हे माझं वाक्य मी वर्षभर भेटेल त्याला ऐकवलं.

तेरा नंबरची मुलगी अकरा वर्षांची. तिला आम्ही टकळी म्हणायचो, कारण तिच्या तोंडाला विसावा नव्हता. गाठ मारताना बोलायची, झेंड्याला सलामी देताना बोलायची, पाणी पितानाही काहीतरी गुळगुळ चालू असायचं. आईबाप नव्हते, मावशीनं वाढवलेली. मावशी बेकरीत कामाला. चौदा नंबर तिची जिवाभावाची मैत्रीण, शांत, सावकाश, सगळीकडे काहीतरी विसरून येणारी. विसराळूपणाचा मला राग. स्कार्फ विसरला तर मैदानाला पाच फेऱ्या, असा मी नियमच केला होता. चौदानं त्या वर्षात मैदान इतकं पालथं घातलं होतं, की बायको म्हणायची, "त्या पोरीला आता धावण्याचं बक्षीस द्या आणि सोडा."

त्या रविवारी आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर गेलो होतो. अठरा मुलं. तिघं आली नव्हती, आणि नऊ. दुसरा मोठा माणूस सोबत हवा असा नियम आहे, म्हणून आमच्या गल्लीतला पोस्टमन होता. मुलांनी तंबू ठोकले, उतरवले, चूल पेटवली, निम्मं अन्न करपवलं आणि सगळं खाल्लं. खाणीच्या वरच्या अंगाला पाण्याची एक टाकी होती, तिथं भांडी धुतली. तीन वाजता मी उतरायची शिट्टी दिली. पोस्टमन पुढे उभा राहिला, मी मागे.

"मोजा!"

आकडे सुरू झाले. मी खिशातून कार्ड काढून बघत होतो. उन्हानं डोकं तापलं होतं, एक पोरगं बुटात खडा गेला म्हणून माझी पँट ओढत होतं. तिघं गैरहजर होती, म्हणजे तीन ठिकाणी नंबर जोडून बोलला जाणार हे मला माहीत होतं. चार ठिकाणी जोडून बोलला गेला. "तेरा चौदा," टकळीच्याच आवाजात, एका दमात. हे मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायला मला फार आवडेल, पण ऐकलं. कान म्हणाले की काहीतरी जास्तीचं झालं, आणि मी कार्डावरून मान वर केली नाही. बावीस झाले. मी हात केला, रांग चालू लागली.

चौदा टाकीवर स्कार्फ विसरली होती. मला विचारलं असतं तर मी भडकलो असतो, फेऱ्या ठोठावल्या असत्या. म्हणून ती मैत्रिणीच्या कानात म्हणाली, "मी आलेच, माझा बोल." आणि मैत्रीण तो बोलली. जसा तिला मी तीन वर्षं बोलायला शिकवलं होतं तसाच.

खाली उतरायला पाऊण तास, मग बस. टकळीला वाटलं, ती मागच्या पोरांत असेल. बसमध्ये दोन भाग होते, तिला वाटलं, ती पुढच्या भागात असेल. थांब्यावर चौदाची आई तिचा स्वेटर हातावर टाकून उभी होती. एकेक पोर उतरत गेलं. ती प्रत्येकाच्या मागे बघत होती. शेवटी मी उतरलो.

"आमची कुठंय?" तिनं विचारलं.

मागे टकळी रडायला लागली, "ती येतच होती, सर, ती येतच होती."

खाणीच्या पहारेकऱ्याला ती आम्ही परत वर पोचायच्या आधी सापडली होती. आम्ही गेलेले बघून ती घाईनं जवळच्या वाटेनं उतरली होती, आणि ती वाट नव्हतीच. कापलेल्या दगडाची ती पायरी होती, दोन पुरुष उंचीची, तिथून ती खाली पडली. स्कार्फ तिच्या गळ्यात होता, नीट गाठ मारलेला. तिच्या पायाची तीन ऑपरेशनं झाली. तो पाय आता दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे.

पथक बंद ठेवलं. चौकशी लागली. महिन्याभरानं आमच्या समितीचे सचिव दुकानात आले. आमची तीस वर्षांची दोस्ती, अरेतुरेची. त्यांनी टाइप केलेला एक कागद आणला होता. मी एका लग्नाच्या फोटोसाठी काच कापत होतो. त्यांनी कागद त्या काचेवरच ठेवला.

"वाच आणि सही कर. बाकी सगळं तुझंच आहे, एक वाक्य मी घातलंय."

वाक्य असं होतं: परतीच्या मोजणीच्या वेळी एका मुलीने अनुपस्थित मुलीचा नंबर खोटा सांगितल्यामुळे प्रमुखांची दिशाभूल झाली.

"खोटा?" मी म्हणालो.

"मग खरा होता का? पोरगी तिथं नव्हतीच."

"अरे, पण आपली पद्धतच आहे ती."

"ती पद्धत कागदावर आली, की प्रमुखाचा निष्काळजीपणा झाला. मग पथक कायमचं बंद, आणि तुला पुन्हा कधी मुलांच्या जवळ उभं करणार नाहीत. आणि नाव कुठं लिहिलंय तिचं? एका मुलीने. लहान मूल आहे, तिला कोण काय करणार? चार दिवसांत विसरेल."

मी काच पुसली, पुसलेली काच परत पुसली. खरं सांगतो, मला चौकशीची भीती वाटली नाही, बदनामीचीही नाही. मला रविवारची भीती वाटली. त्या महिन्यात चार रविवार गेले होते. सकाळी उठून मी गणवेशाला इस्त्री करायचो आणि तो परत घडी घालून ठेवायचो. बायको बघायची आणि चक्क काही बोलायची नाही. असे रविवार मरेपर्यंत काढायचे? मी सही केली.

कागदाची प्रत घरी नेली. बायकोनं चष्मा लावून ती सावकाश वाचली.

"नाव नाही घातलेलं," मी म्हणालो.

"चौदाच्या शेजारी तेरा उभी राहते हे शाळेच्या शिपायालासुद्धा माहीत आहे," ती म्हणाली. प्रत तिनं टेबलावर ठेवली आणि भाजी चिरायला घेतली. त्या दिवसानंतर तिनं मला बालवीर म्हटलं नाही.

गावात कागद कुणाला दाखवावा लागत नाही. दहा दिवसांत सगळ्यांना पाठ झालं, की एका पोरीनं खोटा नंबर सांगितला आणि दुसरी लंगडी झाली. शाळेत टकळीशेजारी कुणी बसेना. चौदाच्या आईनं तिला दारातून परत पाठवलं. हे मला समजलं ते मावशीकडून. ती एक दिवस बेकरीतून सुटल्यावर, केसांना पीठ लागलेलंच, दुकानात आली.

"सर, ती बोलत नाही हो. घरात कामापुरतं बोलते. पण शाळेत हजेरीला तोंडच उघडत नाही. बाई नाव घेतात, ही समोर बसून गप्प. बाई गैरहजेरी लावतात. महिन्यात एक दिवस हजेरी नाही तिची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही समजावा ना तिला. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती. वर काय लिहून दिलंय कुणी ते कुणास ठाऊक, पण तुम्ही तसं लिहिणार नाही एवढं मी तिला सांगितलंय."

मी गल्ल्यावरची धूळ झटकली. मग म्हणालो, "रविवारी पाठवा तिला. पथक परत सुरू होतंय."

सुरू होतच होतं. सहीचा गुण आला होता.

त्या रविवारी अकरा मुलं आली. बाकीच्यांना आईबापांनी पाठवलं नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही पाठवलं नसतं. टकळी आली. गणवेश स्वच्छ, स्कार्फ बरोबर, वेणी घट्ट. मावशी कुंपणाला टेकून उभी राहिली. सचिव खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसले. पोस्टमननं यायचं टाळलं म्हणून दुसरा मोठा माणूस तेच होते.

मी मुलांना नवीन नियम सांगितला. ज्यानं त्यानं आपलाच नंबर बोलायचा. कुणी नसेल तिथं शांत राहायचं आणि पुढच्यानं चालू करायचं. मग शिट्टी दिली. चार महिन्यांत शिट्टी वाजली नव्हती, आतून धूळ बाहेर आली.

"एक."

"दोन."

मग गप्प. चार. मग परत गप्प. आमची मोजणी अशी दात पडलेल्या तोंडासारखी पुढे चालली. आठच्या पुढे सगळ्यांनी सवयीनं श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. नऊ कुणी म्हणालं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, बरं झालं त्याची आई इथं नाही.

"बारा."

टकळी समोर उभी होती. हात शरीराला चिकटवलेले, नजर माझ्या बुटांवर. ओठ मिटलेले. मी थांबलो. सगळे थांबले. मैदानाच्या पलीकडे कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. चौदाची जागा मोकळी, आणि पंधरा नंबरचा मुलगा, भला मुलगा आहे, त्याला ते सहन होईना. त्यानं तोंड उघडलं.

"नाही!" मी ओरडलो. "ज्याचा त्यानं."

तो दचकून मागे सरला. मी टकळीजवळ गेलो, गुडघ्यावर बसलो. गुडघे कटकट वाजले. एरवी ती यावर दहा वाक्यं बोलली असती.

"तुझा नंबर बोल, बाळ."

तिनं मान हलवली. मग इतकं हळू म्हणाली, की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "मी बोलले की ते खोटं असतं."

मी उठलो. मला आठवतं त्याप्रमाणे मी काही ठरवलं नव्हतं. मी सगळ्यांकडे तोंड करून बोललो, आणि आवाज माझाच वाटत नव्हता. "ऐका सगळे. दुसऱ्याचा नंबर बोलायला हिला मी शिकवलं. तुम्हा सगळ्यांना मीच शिकवलं. त्या दिवशी हिनं 'तेरा चौदा' म्हटलं ते मी ऐकलं होतं. मी वर बघितलं नाही. माणसं मोजायची माझी जबाबदारी होती, ती मी पार पाडली नाही. हिनं काही खोटं केलं नाही."

सचिव खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. कुंपणापाशी मावशीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता ही पोर रडेल, मोकळी होईल. मी इतका मूर्ख माणूस आहे, की मला वाटलं, झालं, फिटलं.

टकळीनं पहिल्यांदा माझ्या बुटांवरून नजर वर आणली. "मग सर, तुम्ही सही का केली?"

तिला माहीत होतं. मावशीला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. शाळेत कुणीतरी तिच्या तोंडावर मारलं असणार, की तुझ्या सरांनीच लिहून दिलंय. आणि ती घरी येऊन मावशीला काही बोलली नाही. मावशी रोज तिला सांगत होती, की सर असं लिहिणार नाहीत, आणि ती रोज ऐकून घेत होती. मी तिला काय सांगणार, मला रविवारची भीती वाटली म्हणून?

मावशी आत आली, तिचा हात धरून तिला घेऊन गेली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सचिवांनी वही मिटली. "बस," ते म्हणाले, "घालवलंस सगळं."

मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं आणि स्वतःच्या हातानं दुसरा कागद लिहिला. वरच्या कार्यालयाला. तपासनीसांनी मला काय सांगितलं होतं आणि मी त्यांना काय उत्तर दिलं होतं, इथपासून सगळं लिहिलं. तो पाठवायच्या आधी मी टकळीच्या घरी गेलो. बेकरीच्या मागे एकच खोली, भिंत भट्टीमुळे गरम. मावशीनं बस म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. टकळी खाटेवर अभ्यास करत होती. मी कागद तिच्यासमोर धरला.

"वाच. यात काही चुकलं असेल तर सांग."

ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. मध्ये कुठंही थांबली नाही. दोन्ही पानं झाल्यावर म्हणाली, "ती स्कार्फ आणायला का गेली ते नाही लिहिलं."

"का गेली?"

"तुम्ही रागावता म्हणून. पाच फेऱ्या असतात म्हणून. आणि म्हणूनच तिनं तुम्हाला विचारलं नाही."

मी लिहिलं. मावशीनं कपाटावरचा दिवा ओढून जवळ आणला. मी खाली सही केली आणि तारीख घातली.

"आता पथक बंद होणार?" टकळीनं विचारलं.

"हो."

"कायमचं?"

"हो."

तिनं पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवून ठेवलं होतं. "म्हणजे परत माझ्यामुळे."

"नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

तीन वर्षं या मुलीनं मी सांगेन ती पूर्व दिशा मानली होती. मी गाठ सुटणार नाही म्हटलं, की ती त्या गाठीला लटकायची.

"मग ते पण लिहा," ती म्हणाली.

सहीच्या खाली थोडी जागा होती, तिथं मी लिहिलं. तिनं ते वाचलं, मग त्याच्याखाली बोट ठेवलं, आणि मी तिथं पुन्हा सही केली.